कात्रीला कंट्रोल-झेड नसतं

कसारा लोकलमध्ये जागा मिळाली असेल तर बसून ऐका, नसेल मिळाली तर दाराजवळ नका उभे राहू, आत येऊन ऐका.

आजचा भाग चिकटवहीबद्दल आहे. हो, तीच! शाळेत पेपरातली चित्रं कापून डकवायचो ती. आता तिला स्क्रॅपबुक म्हणतात आणि रीलवर ती फार भारी दिसते. मी आमच्या आजीसाठी एक केली. कापणं, डकवणं, लिहिणं सगळं हाताने, पण प्रत्येक पानाचा प्लॅन आधी कॉम्प्युटरवर. तसं का करावं लागलं ते आधी सांगते. कारण त्यात माझी एक चूक आहे, आणि ती आता दुरुस्त होणार नाही.

आमचं घर किन्हवलीला, शहापूर-मुरबाडच्या मधे. गेल्या उन्हाळ्यात जुनं कौलारू घर उतरवलं, स्लॅबचं बांधायचं म्हणून. माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने फोटो, मोजून ३१. काही एकमेकांना चिकटलेले, दोन वाळवीने खाल्लेले. आजीचा वाढदिवस जवळ आला होता. म्हटलं, झालं, गिफ्ट मिळालं!

त्यातला एक फोटो म्हशाच्या जत्रेतला होता. आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरून ऐकणाऱ्यांसाठी सांगते: मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची ही जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते, गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे तंबूतल्या स्टुडिओत काढलेला फोटो. मागे रंगवलेला पडदा, मधे तरुण आजी, शेजारी आजोबा, आणि डाव्या कडेला एक मुलगा, अर्धा अंधारात. मी ऑनलाइन मागवलेली ती नागमोडी कात्री घेतली आणि फोटो छान चौकोनी केला. कडेची पट्टी कचऱ्यात, कचरा पाणी तापवायच्या चुलीत.

आजीने पान हातात घेतलं. बराच वेळ बघत होती. मग कडेवरून बोट फिरवत म्हणाली, “अगं, इथं माझा भाऊस होता ना?”

म्हणजे बाबांचे मामा. तरुणपणीच गेले. त्यांचा दुसरा फोटोच नाही, कुठेही नाही. मी गप्प बसले. आजी म्हणाली, “जाऊ दे, तुला काय माहीत?” ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला माहीत नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं.

मी बी.टेक. केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. ऑफिसात कुणी बॅकअप न घेता चालू सर्व्हरवर बदल केला तर मी त्याला चांगलीच सुनावते. आणि घरी मी काय केलं? जगात एकच प्रत असलेल्या फोटोवर थेट कात्री चालवली! स्क्रीनवर चुकलं की कंट्रोल-झेड दाबता येतं, कात्रीला ते बटण नसतं. म्हणून चुका करायच्या त्या सगळ्या आधी स्क्रीनवर करून घ्यायच्या. कॉम्प्युटरचं काम एवढंच.

आता मी काय केलं ते सांगते.

पहिलं, उरलेले सगळे फोटो स्कॅन केले. लहान फोटो ६०० डीपीआयला करा. म्हणजे पुढे ३०० ने छापला तर दुप्पट आकारातही स्वच्छ येतो. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल फोटोला समांतर धरून काढा. नातेवाईकांकडून मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला तर तो लहान होतो आणि फाइलमधली तारीखही निघून जाते. वहीत प्रिंट लावायच्या. मूळ फोटो कागदी पाकिटात, कोरड्या जागी.

दुसरं, पान. रीलमध्ये दिसतं ते १२ बाय १२ इंची पान असतं. ते आपल्याकडच्या दुकानात शोधत बसू नका. ए-४ आकाराचा जाड कार्ड पेपर घ्या, २१० बाय २९७ मिलिमीटर. मी इंकस्केप वापरलं, फुकट आहे. लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर कॅनव्हातही कस्टम साइज मिलिमीटरमध्ये देता येते. बांधणीच्या बाजूला २५ मिलिमीटर मोकळे सोडा, नाहीतर अर्धा चेहरा शिलाईत जातो. फोटोंच्या चौकटी खऱ्या मापाच्या काढा आणि लेयर चिकटवायच्या क्रमाने ठेवा: खाली रंगीत कागद, वर फोटो, सगळ्यात वर मजकूर. मग हव्या तितक्या वेळा हलवा. एक पान मी ११ वेळा बदललं, एकही कागद वाया गेला नाही.

तिसरं, प्लॅनची प्रिंट. इथे मी फसले. प्रिंटरची सेटिंग ‘फिट टू पेज’ राहिली आणि ९० मिलिमीटरची चौकट ८७ ची आली. सेटिंग १०० टक्के ठेवा. प्लॅनवर बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा. बरोबर असेल तर प्लॅन कार्ड पेपरवर ठेवून चौकटींच्या कोपऱ्यांवर टाचणी टोचा. टोचलेल्या खुणांवर फोटो लावायचे. पेन्सिल नको, खोडाखोड नको.

चौथं, जाडी. स्क्रीनवर पान सपाट असतं, खरं पान नसतं. मी भाताची लोंबी, जुनं एसटीचं तिकीट, आजीच्या लुगड्याचा काठ लावला, तर वही बंदच होईना! मग दोन पानांच्या मधे, फक्त बांधणीपाशी, कार्ड पेपरची एक-एक इंची पट्टी घातली. वही बसली. आणि हो, लोंबी पूर्ण सुकलेली हवी. आपल्याकडचा पावसाळा माहीत आहे ना, ओलसर राहिली तर बुरशी पानभर पसरते. इंकजेटची प्रिंटही पाण्याचा थेंब पडला की पसरू शकते, म्हणून फोटो लॅबमधून काढून आणा.

पाचवं, मजकूर. प्लॅन करताना प्रत्येक फोटोखाली मी दोन ओळींची चौकट ठेवत होते. भरायला गेले तर लिहायला काहीच नाही. हा कोण? माहीत नाही. कुठलं घर? माहीत नाही. रिकाम्या चौकटी स्क्रीनवर इतक्या स्पष्ट दिसतात की टाळता येत नाही. मग लॅपटॉप घेऊन आजीजवळ बसले. फोटो मोठा करून दाखवायचा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी तिला हातातल्या छोट्या फोटोत चेहरे दिसत नव्हते, स्क्रीनवर दिसले. आवणीच्या एका फोटोत सात बायका वाकलेल्या आहेत, चेहरे झाकलेले. आजीने सातही नावं सांगितली, पाठीवरून! दोन ओळींच्या चौकटी सहा ओळींच्या झाल्या, फोटो लहान करावे लागले. केले.

आणि जत्रेचं ते पान? कापलेला फोटो मोठा केला तेव्हा दिसलं, आजीच्या खांद्यावर चार बोटं आहेत. मामांचा हात तेवढा राहिला होता. मी ते पान पुन्हा केलं. फोटो उजवीकडे सरकवला, डावीकडे पट्टी होती तेवढी जागा मोकळी ठेवली आणि त्यात आजीने सांगितलं ते लिहिलं: नाव, गाव, बैल विकायला दोघं चालत म्हशाला गेले होते ते, आणि फोटोचे पैसे त्यानेच दिले होते ते.

आजी आता कुणी घरी आलं की तेच पान आधी उघडते. मला मात्र त्या पानावर ती नागमोडी कड दिसतेच.

तर या रविवारी एवढंच करा. घरातला एक जुना फोटो घ्या, मोबाइलमध्ये नीट काढा, मोठा करून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा आणि विचारा, हे कोण? रेकॉर्डिंग चालू ठेवा. वही नंतर करता येईल.

मापं लिहून घ्यायची गरज नाही, हा मजकूर इथेच आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!