धुऱ्यावरची करडी, चेहऱ्यावरचे वांग



निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाईच्या गालावर वांग कुठून येतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. मे महिन्यात अकोल्याचं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं, त्याची बातमी देशभर होते. पण कापूस वेचायच्या दिवसांतलं ऊनही सौम्य नसतं, आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगावर घ्यावं लागतं. दुपट्टा कितीही ओढून घेतला तरी गाल आणि नाक उघडंच राहतं. त्यात गरोदरपण आलं, शरीरातली संप्रेरकं बदलली, की गालावर तपकिरी डाग उठतात आणि बाळ चालायला लागलं तरी जात नाहीत.

त्यावर घरोघरी काहीतरी केलं जातंच. कोणी सहाणेवर दुधात जायफळ उगाळतं, कोणी हळद-साय लावतं. आज मी तेलाबद्दल बोलणार आहे. वांगासाठी तेल सिद्ध करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात कुंकुमादी तेल सांगितलं आहे. त्यात केशर, चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध आणि शेळीचं दूध पडतं. केशर काही शेतकऱ्याच्या घरात नसतं, पण मंजिष्ठा आणि ज्येष्ठमध काष्ठौषधीच्या कोणत्याही दुकानात मिळतात.

आणि तेल? ग्रंथ तिळाचं सांगतात. मी करडीचं सांगेन. गहू-हरभऱ्याच्या वावराला धुऱ्यानं करडी पेरायची आपली पद्धत. काट्यांमुळे ढोरं आत शिरत नाहीत आणि घरच्या तेलाचीही सोय होते. कापणी पहाटे करायची, कारण दवानं काटे जरा नरम असतात; तरीही हातापायांना फडकी गुंडाळल्याशिवाय वावरात पाय ठेवता येत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं पीकेव्ही पिंक हे करडीचं वाण दिलं. तरीही सोयाबीन आलं तशी धुऱ्यावरची करडी गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. त्या आम्लानं उन्हाचा काळेपणा कमी होतो, असं जपानी संशोधकांनी १९९८ साली गिनिपिगांच्या कातडीवर दाखवलं. अर्थात प्रयोगातलं शुद्ध आम्ल वेगळं आणि घाण्यावरचं तेल वेगळं. तेव्हा चमत्काराची आशा ठेवू नका.

आता कृती. माप सोपं आहे: कल्काच्या चौपट तेल, तेलाच्या चौपट पाणी. १०० मिली तेलाला २५ ग्रॅम कल्क आणि ४०० मिली पाणी. निम्मी मंजिष्ठा, निम्मं ज्येष्ठमध घेऊन त्याची पूड थोड्या पाण्यात वाटून गोळा करायचा, तोच कल्क. जाड बुडाच्या पातेल्यात सगळं एकत्र करून अगदी मंद आचेवर ठेवायचं आणि अधूनमधून ढवळत राहायचं. पाणी आटत जातं, तेल तांबूस होतं. खरी परीक्षा शेवटी. चमच्यानं थोडा कल्क काढून, निवला की बोटांत वळून पाहायचा. सुरुवातीला तो चिखलासारखा चिकटतो. तेल तयार झालं की त्याची नीट वात वळते. ती वात विस्तवावर धरली आणि तडतडली, तर पाणी अजून बाकी आहे. तडतड थांबली आणि तेलावर फेस आला की उतरवायचं. ओलावा राहिलेल्या तेलाला बुरशी धरते, म्हणून या परीक्षेत आळस नको. मग सुती फडक्यातून गाळून, कोरड्या, रंगीत काचेच्या बाटलीत भरायचं. एवढं तेल दोन-तीन घरांत वाटून घ्या. करडीचं तेल लवकर खवट होतं.

आधी दोन दिवस कानामागे लावून पाहा. खाज किंवा पुरळ आलं नाही, तर रात्री धुतलेल्या चेहऱ्यावर तीन-चार थेंब. तोंडावर मुरुमं असतील तर तेल नकोच. दिवसा तेल लावून उन्हात जायचं नाही. आणि लिंबू चोळून तर मुळीच नाही: लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि मूळ डागाहून काळा डाग उमटतो.

हे तेल सावकाश काम करतं. महिने जातात, डाग फिकट होतो, कधी नुसती कातडी मऊ होते. गोरं तर ते कोणालाच करत नाही, आणि करूही नये. बाजारातल्या डबीला मात्र आठ दिवसांत गोरं करायचं असतं.

अकोल्याची गोष्ट विसरू नका. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली: एकाच घरातल्या तिघी, आई आणि मुली, मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी. तिघी चेहऱ्याला एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीतला रंग तयार होणं रोखतो, म्हणून चेहरा झटकन उजळतो. पण तोच कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी खराब करतो. मग लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पायांवर, डोळ्यांखाली सूज चढते. आपल्या कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात न टाळता येणारा पारासुद्धा दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते आणि लावणं थांबवलं की चेहरा लालबुंद होतो.

म्हणून बायांनो, डबीवर काय काय घातलंय ते छापलेलं नसेल, बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, तर ती घेऊ नका, मग ती कितीही ओळखीच्या बाईनं दिलेली असो. डाग वाढत असेल, त्याची कड वेडीवाकडी होत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तेलही बाजूला ठेवा आणि अकोल्याच्या सर्वोपचार किंवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना आजवर चेहऱ्याला जे जे लावलं, ते सगळं पिशवीत घालून सोबत न्या, घरचं तेलसुद्धा.