खाटेपासून नगरपालिकेपर्यंत
(विटा येथील सभेंत केलेलें भाषण)



दवाखान्यांत रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईनें नगराच्या कारभारांत पडावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढें ठेवतों. कित्येक म्हणतात, तिनें सुई टोचावी, पट्टी बांधावी. ठराव आणि अंदाजपत्रक हें तिचें काम नव्हे. आम्हांस हें पटत नाहीं.

रोग येतो कोठून? पिण्याच्या पाण्यांत गटार मिसळलें कीं हगवण आणि कावीळ. डबकीं सांचलीं कीं हिंवताप. परिचारिका औषध देते, रोगी उठतो, आणि पुन्हां तेंच पाणी पितो. पाणी, गटार, कचरा हीं सारीं कामें नगरपालिकेचीं. रोगाची मुळी जेथें खणावयाची, तेथें ती ओळखणारीच नको काय?

जोतीराव फुले 1876 सालापासून पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. सावित्रीबाईंनीं 1897 च्या प्लेगांत रोग्यांची सेवा केली आणि त्याच रोगानें 10 मार्च रोजीं देह ठेवला. कारभार आणि शुश्रूषा एकाच घरांत नांदलीं. पण पालिकेचें दार तेव्हां बाईला बंद होतें.

आतां तें उघडें आहे. मुंबईच्या किशोरी पेडणेकर ह्या पूर्वीच्या परिचारिका. 2002 सालीं त्या महानगरपालिकेंत निवडून आल्या. 22 नोव्हेंबर 2019 रोजीं महापौर झाल्या. पुढें कोरोना आला. 27 एप्रिल 2020 रोजीं त्या परिचारिकेचा गणवेश घालून पालिकेच्याच नायर रुग्णालयांत गेल्या व तेथील भगिनींना धीर दिला. कोणी ह्यास देखावा म्हणेल. एका दिवसाच्या गणवेशानें साथ हटत नाहीं, हें आम्हीही जाणतों; शिवाय मुंबईंत कारभाराची मुख्य सत्ता आयुक्तांच्या हातीं असते. पण रात्रपाळी म्हणजे काय, हें जिला समजावून सांगावें लागत नाहीं, अशी बाई त्या खुर्चींत होती. हें थोडें नव्हे.

महाराष्ट्रांत 2011 सालीं कायद्यानें निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. पण किती ठिकाणीं सही बाईची आणि कारभार धन्याचा! जी रोग्याचा कागद रोज स्वतः लिहिते, औषधाची मात्रा दोनदां तपासते, ती न वाचतां ठरावावर सही करील काय?

तिची अडचणही ऐका. सरकारी नोकरींत राहून निवडणूक लढवितां येत नाहीं. पगार सोडावा, आणि हरली तर घरीं बसावें! हा धोका तिनें एकटीनें कां पत्करावा? तिला उभें करणारांनीं प्रचाराचा खर्च तरी वर्गणीनें उचलावा.

बंधुभगिनींनो, 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणांत एक लाखाखालील शहरांत आपल्या विट्यानें देशांत पहिला क्रमांक मिळविला. तो सफाई कामगारांच्या घामाचा मान. असा मान टिकतो तो पालिकेंत कोण बसतें ह्यावर.

केवळ परिचारिका आहे म्हणून कोणास मत देऊं नका. मत मागावयास येईल त्यास, मग तो पुरुष असो वा स्त्री, जात आणि पक्ष न विचारतां एवढेंच विचारा: आमच्या आळींतलें गटार तुम्हीं शेवटचें कधीं पाहिलें? उत्तर देतां येईल त्यालाच पालिकेंत पाठवा.