कामाच्या खोलीचे रूप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या उद्योग-विभागाची खोली यंदा नव्याने करावयाची असे कार्यकारिणीने ठरविले आहे, आणि त्यावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझी सारी नोकरी एका वास्तुशिल्पज्ञांच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली, एवढाच माझा अधिकार. पत्रिकेवर विषय 'सजावट' असा छापला आहे. सजावट म्हटली की पडदे, फुलदाणी आणि भिंतीवरचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते सारे शेवटी. ज्या खोलीत वीसजणी दिवसभर पापड लाटतात, मसाला भरतात, शिवणयंत्रे चालवितात, तेथे आधी जमीन, मग उजेड, मग ओटा पाहावा. या तीन गोष्टी साधल्या की खोली निम्मी सुंदर झालीच म्हणून समजा.

जमिनीपासून सुरुवात करते, कारण वाद तेथेच आहे. एका हितचिंतकांनी आपल्याला चकचकीत पॉलिशच्या विट्रिफाइड फरश्या देऊ केल्या आहेत. देणगीला नाही म्हणणे जिवावर येते, हे मला कळते. पण आपल्या खोलीत रोज काय सांडते ते आठवा: उडदाचे पीठ, तेल आणि पाणी. यांतले काहीही आरशासारख्या फरशीवर पडले की पाय गेलाच. वास्तविक फरशीची जात वाईट नाही. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून हळदीतिखटाचा डाग तिच्यात मुरत नाही. दोष आहे तो पॉलिशचा. तीच फरशी खरबरीत पृष्ठाची मिळते. तेव्हा देणगीदारांना नम्रपणे सांगावे, की फरशी घेतो, पण मॅट द्या. मसाल्याच्या बाजूला ती घालावी.

शिवणाच्या बाजूची शहाबादी मात्र उखडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कर्नाटकातल्या शहाबादच्या खाणींतून आलेल्या या दगडावर आपल्याकडच्या किती चाळी, वाडे आणि शाळा उभ्या आहेत! पायाला थंड, चालायला निर्धास्त. जुनी झाली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. सांधे नव्याने भरून, घासून घेतली की पुष्कळ वर्षे चालेल. तिचे वैर एकाच गोष्टीशी, ते म्हणजे आंबटाशी. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच, कोकम, लोणच्याचा खार त्यावर पडला की फिकट ठिपका उठतो. आपण त्याला डाग म्हणतो आणि साबणाने घासत बसतो. तो डाग नसतोच, आंबटाने दगडच खाल्लेला असतो. काळा कडप्पा त्याच कुळातला, आणि संगमरवरही त्याला अपवाद नाही. म्हणून लोणच्याचा ओटा ग्रॅनाइटचाच करावा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. एक तुकडा मागून घ्यावा, त्यावर लिंबू पिळून तासाभराने पुसावे. चकाकी गेली असेल तर तो तुकडा परत करावा.

ओट्याची उंची किती, असे मला कालच कोणी विचारले. उभे राहून काम करणारीच्या कोपरापासून तीन-चार बोटे खाली, हा ठोकताळा. आता आपल्यांत उंच आहेत, बुटक्याही आहेत. म्हणून दोन उंचींचे ओटे करावेत. गवंडी कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

स्वयंपाकाच्या ओट्याचा विचार परदेशात एका स्त्रीने फार बारकाईने केला होता. ऑस्ट्रियाच्या मार्गारेटे श्यूट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पज्ञ बाईंनी 1926 साली जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनडब्यातली चिंचोळी मुदपाकखाना-खोली त्यांनी नमुना म्हणून अभ्यासली होती. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बसविली गेली. मला त्यात आवडते ती त्यांची जिन्नस निवडण्याची दृष्टी: पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कारण त्याने किडे दूर राहतात असे मानले जाई, इतर कोरड्या जिनसांना ॲल्युमिनियमचे खण, चिरण्याची फळी बीचच्या लाकडाची, बसून काम करावयास फिरते स्टूल. प्रत्येक वस्तूला आपले कारण होते, आणि त्या कारणांतूनच तिचे रूप आले. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. जेमतेम दोन मीटर रुंदीच्या त्या खोलीत एकच बाई काम करू शके. आपल्याकडे पुऱ्या तळायला तिघी लागतात, आणि गप्पांशिवाय त्या फुगतही नाहीत!

आता उजेड. नव्या नकाशात उत्तरेची खिडकी बुजवून तेथे कपाट दाखविले आहे. मला हे मुळीच मान्य नाही. गिरणगावातल्या जुन्या विणमाग-शाळांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे तुमच्यांतल्या काहींनी पाहिली असतील. त्या दात्यांच्या उभ्या बाजूला काचा असत, आणि त्या उत्तरेकडे तोंड करून. का, तर उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. ऊन डोळ्यांवर येत नाही आणि सुताचा रंग खरा दिसतो. बारीक टीप मारणाऱ्या आपल्या भगिनींना त्याच उजेडाची गरज आहे. शिवणयंत्रे त्या खिडकीशी लावावीत, कपाट पश्चिमेच्या भिंतीला न्यावे. दुपारच्या उन्हाला तेवढाच अडसर.

खोटे छत घालण्याची सूचनाही आली आहे. कचेऱ्यांतून ते शोभते खरे. पण जरा हिशेब करू. 1948 च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यांत दर माणसी निदान 500 घनफूट हवेची जागा मागितली होती. आपण कारखाना नव्हे, तरी माप उपयोगी आहे. आपली खोली 42 फूट लांब, 20 फूट रुंद आणि 12 फूट उंच, म्हणजे 10,080 घनफूट. वीसजणींना कशीबशी पुरते. छत 9 फुटांवर आणले की 7,560 उरतात, आणि खोली पंधराजणींची होते. उरलेल्या पाचजणींना काय सांगावयाचे? त्या पाचजणींच्या घरची चूल या खोलीवर चालते.

रंगाबद्दल थोडेच. छत आणि वरच्या भिंती पांढऱ्या असाव्यात, उजेड परत फेकतात. खाली चार फुटांपर्यंत धुता येईल असा रंग द्यावा; फिकट हिरवा मला आवडतो, पण यावर मते घ्यावीत. रंगाच्या डब्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आपल्या दारांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. ते कोरडे खरवडू नयेत, ओले करून काढावेत, आणि ते काम चालू असता मुलांना खोलीत आणू नये.

विक्रीच्या टेबलामागे उंच स्टुले हवीत, हेही खर्चात धरावे. दुकानांत उभ्याने राबणाऱ्या स्त्रियांनी आवाज उठविल्यावर केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली त्यांना बसण्याची सोय देणारा कायदा केला. आपल्या मुलींनी त्यासाठी आपल्याशीच भांडावे काय?

पडदे आणि चित्रे यांसाठी या हिशेबात फारसे काही उरत नाही, हे मी आधीच कबूल करते. पडदे शिवणवर्गाने उरलेल्या तुकड्यांचे जोडून करावेत. खोलीतला यंत्रांचा घणघणाटही जाड कापडाने थोडा शोषला जाईल.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी मापे घ्यायला खोलीवर येणार आहे. ज्यांना ओट्याची उंची ठरवावयाची आहे त्यांनी रोजच्या चपला घालून यावे. टेप माझ्याजवळ आहे. लिंबे कोणी तरी आणावीत.