टाउनशेंडचा कुत्रा आणि मराठा पलटणी

(यवतमाळ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापला आहे, 'दोन महायुद्धे : जर्मन सेना श्रेष्ठ की दोस्तांची?' विषय संयोजकांचा आहे, माझा नाही. मी हो म्हटलं, कारण त्याच्या आडून मला जे बोलायचं ते बोलता येतं. रात्रीचे साडेआठ वाजले तरी पंखे गरम वाराच फेकताहेत, आणि अशा उन्हाळ्यात एवढं सभागृह भरलं ते हिटलरच्या नावावर भरलं, माझ्या नाही, हे मला समजतं. (हशा)

१९१४ ला युद्ध का पेटलं, व्हर्सायचा तह, म्युनिक, पोलंड, हे तुम्हाला मी सांगायला नको. वि. स. वाळिंब्यांचं 'वॉर्सा ते हिरोशिमा' आणि वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आपल्याकडे पिढ्यांनी वाचलं. चहाच्या टपरीवर अजूनही वाद रंगतो, टायगर रणगाडा भारी की शेर्मन. त्याचा निकाल आधी लावून टाकतो. पहिल्या जातीचे टायगर निघाले १,३०० च्या थोडे वर आणि शेर्मन निघाले ४९,००० च्या वर. एकाला एक टायगर भारी होता, कबूल. पण युद्ध म्हणजे पोळ्याच्या बैलांची सजावट-स्पर्धा नव्हे. पुढे चला.

माझं म्हणणं एवढंच आहे की सेनापतीच्या आठवणी वाचून लढाईचा निकाल देऊ नका, मग तो जर्मन असो की इंग्रज. हरलेला सेनापती पुस्तक लिहितो तेव्हा दोष कुणाच्या तरी डोक्यावर ठेवतो. जर्मनांना सोयीचा माणूस मिळाला, हिटलर. तो मेलेला होता, उलट बोलणार नव्हता. फ्रान्झ हाल्डर १९३८ ते १९४२ जर्मन भूदलाचा चीफ ऑफ स्टाफ होता. युद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या इतिहास विभागासाठी त्याच्या देखरेखीखाली शेकडो जर्मन अधिकाऱ्यांनी आपापली हकीकत लिहिली. १९६१ मध्ये अमेरिकेनं त्याला त्याबद्दल पदकही दिलं. माणूस हरलेल्या बाजूचा, इतिहास लिहून घेतला जिंकलेल्यांनी! सेनापती हुशार, हिटलर आडमुठा, सैन्य स्वच्छ, अत्याचार काय ते एसएसचे : हे चित्र आपल्या डोक्यात बसलं आहे ते बरंचसं हाल्डरच्या टेबलावर तयार झालं. जर्मनीत सर्वसामान्यांसमोर ते खऱ्या अर्थानं फुटायला १९९५ चं हॅम्बुर्गचं प्रदर्शन यावं लागलं. त्यात साध्या जर्मन सैन्याचे गुन्हे मांडले होते आणि त्यावर जर्मनीत मोठं वादळ उठलं.

आता रोमेल. समोरच्या रांगेत दोन-तीन चेहरे उजळले, मी पाहिलं. (हशा) रोमेलचं गाजलेलं चरित्र १९५० साली डेस्मंड यंगनं लिहिलं. हा यंग हिंदी सैन्यातला ब्रिगेडियर. १९४२ च्या उन्हाळ्यात वाळवंटात तो स्वतः जर्मनांच्या हाती सापडला होता. प्रस्तावना ऑकिनलेकची, म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक पडलं तेव्हा तिथला जो सरसेनापती होता त्याची. आपल्याला हरवणारा जितका मोठा, तितकी आपली हार लहान दिसते, हे मी सांगायला नको.

टोब्रुक मात्र सांगतोच. २० जून १९४२ ची पहाट. रोमेलनं सगळा जोर आग्नेय कोपऱ्यावर लावला. आधी स्टुका विमानं, मग तोफा, मग पायदळ आणि रणगाडे. त्या कोपऱ्यात होती अकरावी हिंदी ब्रिगेड, आणि ज्या खंदकांवर तो घाव पहिला बसला तिथं होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. समोरचा रणगाडाविरोधी चर वाळूनं भरत आला होता. सुरुंग उपटून गझालाच्या आघाडीकडे नेले होते. हे मराठा शिपायांनी ठरवलं होतं का? दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, ३३,००० च्या आसपास माणसं कैद झाली आणि २२ तारखेला रोमेल फील्डमार्शल झाला. आपली मुलं ज्या रोमेलचं चित्र भिंतीवर लावतात, त्याच्या हातातला तो दंडुका आपल्याच माणसांच्या खंदकावरून चालत जाऊन मिळालेला आहे.

मागून कुणी विचारलं, नेताजींचं काय? विचारा, जरूर विचारा. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी कैद्यांमधूनच त्यांनी जर्मनीत फौज उभी केली. पहिल्या महायुद्धात तर आपल्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे जर्मनांच्या बाजूनं इराणात इंग्रजांशी लढले. मी इंग्रजांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. घेतलं असतं तर पुढचं सांगितलंच नसतं.

पुढचं म्हणजे पहिल्या महायुद्धातला कुटचा वेढा. मनात होतं पाच मिनिटांत आटपावं, पण पाहू.

बसरा आपल्याला ठाऊक आहे ते नथीतल्या मोत्यांमुळे. त्या बसऱ्याहून टायग्रिस नदीच्या काठानं १९१५ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन बगदादकडे निघाली. सेनापती चार्ल्स टाउनशेंड. डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मार खाल्ला, मागे फिरले आणि ३ डिसेंबरला कुट गावात शिरले. चारच दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. तुर्की सैन्याच्या माथ्यावर कोण? फील्डमार्शल फॉन डर गोल्ट्झ, सत्तरी ओलांडलेला जर्मन, स्वतः युद्धशास्त्राचा नामांकित लेखक. म्हणजे पत्रिकेवरचा विषय पुरा होतो बघा : वेढणारा जर्मन, वेढलेला इंग्रज आणि भुकेला कोण, तर बहुतांश आपला माणूस.

टाउनशेंडनं कळवलं, धान्य थोड्याच आठवड्यांचं आहे. ते ऐकून सुटकेला येणारी फौज जानेवारीत घाईनं, अर्धवट तयारीनं धावली आणि शेख साद, हन्ना इथं कापली गेली. आणि मग, जानेवारी सरता सरता, टाउनशेंडनं गावातल्या घरांची झडती घेतली तर धान्याचे साठे निघाले! वेढा एप्रिलपर्यंत चालला त्या धान्यावर. सुटकेच्या प्रयत्नांत दोस्तांची २३,००० च्या आसपास माणसं पडली किंवा जायबंदी झाली. घरात दाणे किती आहेत हे न पाहता उपाशी आहोत म्हणून हाक मारायची, याला सेनापतीपण म्हणतात का? (टाळ्या) थांबा, टाळ्या नंतर.

पुस्तकांत मात्र दुसरीच गोष्ट पुढे येते. हिंदी शिपाई घोड्याचं मांस खाईनात, म्हणून ते खंगले आणि कुट लवकर पडलं! खाईनात हे खरं. पण का? गावी कळलं तर भावकी वाळीत टाकील, मुलींना स्थळं मिळणार नाहीत, ही भीती. माझ्या मते त्यात आणखी एक गोष्ट होती. शेळी, कोंबडी खाणारा साताऱ्या-कोकणातला मराठा खंडोबाच्या घोड्यावर भंडार उधळतो, तो घोड्याचं मटण ताटात कसं घेणार? हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवली गेली. टाउनशेंडनं धमकीही दिली, न खाणाऱ्यांच्या जागी खाणाऱ्यांना बढती देईन. एप्रिलमध्ये शेवटी पुष्कळांनी तोंडात घातलं, पण तोवर उशीर झाला होता. गंमत अशी की मैद्याच्या पावावर जगणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला आणि मांस न खाणाऱ्या आपल्यांना स्कर्व्ही. म्हणजे उपासमार दोन्ही ताटांत होती, शेरा मात्र एकाच ताटावर मारला गेला.

गोल्ट्झ १९ एप्रिल १९१६ ला बगदादमध्ये आजारानं मेला, विजय त्यानं पाहिलाच नाही. २९ एप्रिलला कुट पडलं. सुमारे १३,००० माणसं शरण गेली. शिपायांना वाळवंटातून पायी चालवलं, रास-अल-ऐनकडच्या रेल्वेच्या कामावर लावलं. तीच जर्मनांची बर्लिन-बगदाद रेल्वे. त्यांतले हजारो परत आले नाहीत. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला, कैदेत असतानाच 'सर' झाला, आणि १९२० मध्ये त्यानं पुस्तक काढलं. आणि त्याचा कुत्रा, स्पॉट नावाचा, तो तुर्कांनी सौजन्यानं बसऱ्याला परत पाठवला. (हशा) हसू नका. कुत्र्याचं नाव आपल्याला पुस्तकात सापडतं. ११७ व्या मराठा पलटणीतल्या किती शिपायांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मागच्या वेळी याच दहांची पंचवीस झाली होती, त्यांच्या लक्षात आहे.

तर झटपट. इटलीत यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, आणि नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना सेनिओ नदीपार आणलं, मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. घाडगे लढता लढता गेले, त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. आणि ज्यांची पुस्तकं कुणी लिहिलीच नाहीत ते महार शिपाई. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडली. काम झालं, जा! १९४१ मध्ये गरज पडली तेव्हा पुन्हा महार रेजिमेंट. तिची दुसरी पलटण कामठीला उभी राहिली, म्हणजे नागपूरच्या पलीकडे, आपल्या अंगणात.

वणीचे लोकनायक बापूजी अणे याच काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत होते. प्रवासी भारतीयांचं खातं त्यांच्याकडे होतं. १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करणारा माणूस १९४१ मध्ये तिथं कसा जाऊन बसला आणि गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी फेब्रुवारी १९४३ मध्ये राजीनामा देऊन कसा बाहेर पडला, याला एक अख्खी संध्याकाळ लागेल. पुढच्या वर्षी द्या. वीज गेली तरी बोलेन.

उठण्यापूर्वी एक काम सांगतो. घरी जुनी लोखंडी पेटी असेल, आजोबा-पणजोबा पलटणीत गेल्याचं कुणी सांगत असेल, तर पहिल्या युद्धाचं पदक शोधा. ते चांदीचं असतं, म्हणून पुष्कळ पदकं सराफाकडे वितळली. सापडलं तर त्याची कड पाहा. तिथं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दारव्हा, आर्णी, वणी, पुसद, जिथून असाल तिथून ती अक्षरं उतरवून आपल्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या. उद्यापासून द्या, पदक विकायच्या आधी द्या.