राखलेला उजेड

तैलरंगाचा चित्रकार आधी काळोख रंगवून त्यावर अखेरीस पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवू शकतो. पारदर्शक जलरंगाला ही सवलत नाही. तेथे उजेड म्हणजे कागदाचाच पांढरेपणा होय. रंगाच्या पातळ थरातून गेलेला प्रकाश कागदावरून परततो, तेव्हा रंग उजळतो. म्हणून कुंचला भिजवण्यापूर्वीच उजेडाच्या जागा ठरवून कोऱ्या राखाव्या लागतात. एकदा झाकलेला कागद पूर्ववत होत नाही.

मग या साधनाने दिवा कसा रंगवावा? सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचे १९४५-४६ मधील ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. तरुणीच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा; बोटे प्रकाशाने तांबूस झालेली, मागे भिंतीवर तिची सावली. कागद ज्योतीइतका तेजस्वी होणे शक्यच नसते. तेजाचा प्रत्यय येतो तो भोवतालच्या छटा क्रमाक्रमाने गडद होत गेल्यामुळे.

सावलीलाही स्वतःचा रंग असतो. ती निव्वळ काळ्याने भरली, तर कागदाला भोक पडल्यासारखी दिसते. वस्तूजवळ तिची कड रेखीव असते, दूर जाताना विरते. ओल्या कागदावर रंग पसरून मऊ कड मिळते, कोरड्यावर ती स्पष्ट उमटते. कागद वाळेपर्यंत थांबण्याचा धीर ज्याला नाही, त्याची सावली गढूळ होते आणि तिच्याबरोबर उजेडही हरपतो.