स्वाक्षरी, खूण आणि कागद

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निराधार बालकांसाठी चालणाऱ्या धर्मादाय आश्रमांची स्वाक्षरीयुक्त पत्रे आणि स्मृतिवस्तू जमविण्याचा छंद अनेकांना असतो. अशा संग्रहात नेमके काय जपावयाचे, हा प्रश्न मी आज दोन परदेशी संस्थांच्या आधारे आपल्यापुढे ठेवणार आहे.

पहिली संस्था अमेरिकेतील. १२ डिसेंबर १९१७ रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी फादर एडवर्ड फ्लॅनॅगन यांनी भाड्याच्या घरात मुलांचा आश्रम सुरू केला. १९२१ मध्ये तो शहराबाहेरील शेतजमिनीवर गेला आणि १९३६ मध्ये त्या वसाहतीला ‘बॉईज टाउन’ या नावाने स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. १९३८ मध्ये याच नावाचा चित्रपट निघाला. त्यात फ्लॅनॅगन यांची भूमिका करणाऱ्या स्पेन्सर ट्रेसी यांना ऑस्कर पारितोषिक लाभले. संस्थेसाठी टपालाने देणग्या मागविल्या जात. त्यामुळे आवाहनपत्रे, नाताळची शोभेची तिकिटे, चित्रपत्रे आणि पाकिटे विपुल प्रमाणात घरोघरी पोचली. १९८६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने फ्लॅनॅगन यांचे ४ सेंटचे तिकीट काढले. संग्राहकांची ओढ मात्र त्यांच्या स्वाक्षरीच्या पत्रांकडे असते.

येथे पारख हवी. हजारोंनी पाठविलेल्या आवाहनपत्रांवरील स्वाक्षरी बहुधा छापील असते. भिंगातून पाहिल्यास हाताने केलेल्या सहीत लेखणीचा दाब कमीअधिक झालेला दिसतो, रेघांच्या छेदांवर शाई दाट होते. छापील सहीत शाई सपाट असते किंवा बारीक ठिपके दिसतात. रबरी शिक्क्याची शाई कडांशी साचते. दोन पत्रांवरील सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या, तर त्या यंत्राच्या समजाव्यात. माणसाचा हात एकच सही दोनदा तशीच करीत नाही. दिनांकही पाहावा. फ्लॅनॅगन यांचे १५ मे १९४८ रोजी बर्लिन येथे निधन झाले. त्यानंतरच्या दिनांकाचे त्यांच्या सहीचे पत्र खरे असूच शकत नाही.

परंतु स्वाक्षरी खरी ठरली म्हणजे संग्राहकाचे काम संपले, असे मानू नये. त्याचे कारण दुसऱ्या संस्थेच्या इतिहासात सापडते.

लंडनमध्ये थॉमस कोरम या दर्यावर्दी सद्गृहस्थाच्या प्रयत्नांमुळे १७३९ मध्ये राजसनद मिळून ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ स्थापन झाले. नावात हॉस्पिटल असले तरी ते रुग्णालय नव्हे, तर ज्यांना सांभाळणे मातांना शक्य नव्हते अशा अर्भकांचे आश्रयस्थान. २५ मार्च १७४१ रोजी तेथे पहिली बालके दाखल झाली. प्रत्येक बालकाला क्रमांक आणि नवे नाव मिळे. माता पुढे परत आलीच, तर मूल ओळखता यावे म्हणून ती एखादी खूण मागे ठेवी : घासून अक्षरे कोरलेले नाणे, चावी, अंगठी, रिबिनीचा तुकडा. कित्येकदा बाळाच्या कपड्याचा तुकडा प्रवेशपत्रकाला टाचला जाई. ते पत्रक घडी घालून मोहोरबंद होई. १७४१ ते १७६० या काळात १६,२८२ बालके दाखल झाली. त्यांपैकी केवळ १५२ परत नेली गेली.

पुढे १८६० च्या दशकात संस्थेच्या चालकांनी यांतील अनेक पत्रके उघडली, आणि नाणी, पदके, अंगठ्या अशा डोळ्यांत भरणाऱ्या खुणा लोकांना पाहता याव्यात म्हणून बाहेर काढून मांडल्या. हेतू वाईट नव्हता. परंतु कोणती खूण कोणत्या बालकाची, हा धागा तुटला. पुढच्या काळातील अभ्यासकांना जुनी पत्रके चाळून काही खुणांचे नाते मोठ्या कष्टाने जुळवावे लागले. याउलट कापडाचे तुकडे कोणाला मोलाचे वाटले नाहीत, म्हणून ते पत्रकांना टाचलेलेच राहिले. आज त्या सुमारे ५,००० तुकड्यांमुळे कोणते कापड कोणत्या बाळाच्या अंगावर होते हे सांगता येते. आणि अठराव्या शतकातील सामान्य स्त्रियांच्या वस्त्रांचा तो ब्रिटनमधील सर्वांत मोठा संग्रह मानला जातो.

बंधु-भगिनींनो, हाच प्रमाद छंदाच्या भरात आजही घडतो. तिकिटासाठी पाकीट कापले जाते आणि टपालाचा शिक्का जातो. स्वाक्षरीसाठी पत्राचा तळ कापला जातो आणि पत्र कोणाला, कशासाठी लिहिले होते ते नष्ट होते. म्हणून पत्र पाकिटासह ठेवावे. ते कोठून आणि केव्हा मिळाले, याची नोंद वेगळ्या कागदावर करून सोबत ठेवावी. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, गंजलेल्या टाचण्या अलगद काढाव्यात.

आणखी एक मर्यादा मी आवर्जून सांगेन. देणगीदाराला आलेले आभारपत्र विकत घ्यावे. बालकाची प्रवेशनोंद, मातेचा अर्ज, मुलाने घरी लिहिलेले पत्र मात्र बाजारात दिसले तरी संग्रहाची वस्तू मानू नये. ते मूळ संस्थेकडे किंवा अभिलेखागाराकडे पोचवावे. आपल्या देशातही २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ७४ अन्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख चौकशीच्या वा न्यायालयीन कार्यवाहीच्या वृत्तांतातून उघड करण्यास मनाई आहे. कायद्याने जेथपर्यंत सांगितले, त्याच्या एक पाऊल पुढे संग्राहकाने थांबावे, हे उचित.

अर्धशतक पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या कपाटात अशी पत्रे असतात. स्मरणिकेसाठी छायाचित्रे निवडून झाल्यावर उरलेल्या कागदांचे गठ्ठे रद्दीत जाऊ देऊ नयेत, एवढी माझी विनम्र विनंती आहे. आज ज्यांची किंमत वाटत नाही, अशाच कागदांत उद्या कोणी आपले बालपण शोधत येईल. त्या दिवशी कपाट रिकामे नसावे.