पहिले पिस्तूल घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषणाचा विषय काय लिहू, असे आपल्या चिटणीसबाईंनी विचारले, तेव्हा मी 'पिस्तूल' म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारले. त्यांचे काही चुकले नाही. ह्या व्यासपीठावर आजवर लोणच्यापासून मृत्युपत्रापर्यंत सर्व विषय झाले. पिस्तूल मात्र प्रथमच येत आहे. परंतु खंडेनवमीला आपण घरातल्या विळी-कात्रीलाही हळदकुंकू वाहतोच की! हत्यार बाईच्या हातचे नव्हे, असे आपल्या घरात कोणी कधी म्हटले नाही. ते कसे निवडावे, कसे वापरावे आणि कुठे ठेवावे, एवढे कळले म्हणजे झाले.

मी बोलणार आहे ते नेमबाजीच्या खेळातल्या पिस्तुलाविषयी. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाने सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०२४ साली पॅरिसला हरियाणाच्या मनू भाकर हिने दोन कांस्यपदके जिंकली. ती चित्रे घरोघरच्या पडद्यावर दिसली, आणि ह्या मंडळातल्याच तीन घरांतून मला विचारणा झाली, "मुलगी पिस्तूल मागते, घ्यावे का, आणि स्वस्तातले कोणते घ्यावे?" मी ह्या विषयातली पंडिता नव्हे. पण एक चूक मी पदरचे पैसे घालून केलेली आहे, आणि ती दुसऱ्या कोणी करू नये म्हणून उभी आहे.

माझी भाची अकोल्याला असते. माझा धाकटा भाऊ शेती करतो. त्याच्या घरचा पैसा कापूस विकला की येतो आणि पेरणी आली की जातो. पोर पंधरा वर्षांची असताना तिला नेमबाजीचा नाद लागला. सरावाच्या ठिकाणचे जुने पिस्तूल पाळीपाळीने मिळे, तेवढ्यावर ती सहाशेपैकी ५२५ च्या आसपास गुण करू लागली. मग स्वतःचे पिस्तूल हवे झाले. भाऊ म्हणाला, "ताई, कापसाचे पैसे हायेत, जपून." निम्मे त्याने घातले, निम्मे मी. मी एका दुकानात गेले, दिसायला भारदस्त आणि खिशाला परवडणारे असे एक पिस्तूल उचलले आणि दसऱ्याच्या दिवशी तिच्या हातात दिले.

चार महिन्यांत तिचे गुण ४७० वर आले. मनगट दुखू लागले. तिने हे घरी कोणालाच सांगितले नाही. शेवटी मी खोदून विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आत्या, पिस्तुलाचा काही दोष नाही. माहा हातच खराब हाय." आणि पिस्तूल ट्रंकेत टाकून तिने सरावाला जाणे बंद केले.

भगिनींनो, पैसे गेले त्याचे दुःख लहान. पोरीने दोष स्वतःच्या हाताला लावून घेतला, ते दुःख मोठे. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच, की पहिले पिस्तूल सुंदर नसले तरी चालेल, जुने असले तरी चालेल. पण ते खरे बोलणारे असावे. नेम चुकला तर कुणाचा चुकला, हे शिकणाऱ्या मुलीला त्यातून कळले पाहिजे.

आता खेळ थोडक्यात सांगते. दहा मीटर, म्हणजे सुमारे तेहतीस फुटांवर एक पुठ्ठा असतो. त्याच्या मधोमध दहा गुणांचे वर्तुळ असते, त्याचा व्यास साडेअकरा मिलिमीटर. मोठ्या काबुली हरभऱ्याएवढे म्हणा. उभे राहून, एकाच हातात पिस्तूल धरून, पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे मारायचे. पूर्वी स्त्रियांना चाळीसच असत. २०१८ पासून पुरुषांइतकेच साठ झाले.

कायदा आधी पाहू. बारूद भरलेल्या काडतुसाचे पिस्तूल, मग ते लहान पॉइंट टू टू का असेना, परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही, आणि परवान्यासाठी एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तेव्हा आपल्या मुलींचे पहिले पिस्तूल म्हणजे हवेचे पिस्तूल, हे ठरलेच. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम पाहता, साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलच्या आत जोर असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. सामन्याच्या पिस्तुलाचा जोर तर ह्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. तरीही ओळखपत्र दाखवून, पक्की पावती घेऊनच खरेदी करावी. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे होत नाही. डोळ्याला छर्रा लागला तर डोळा जातो.

हवेच्या पिस्तुलाचे प्रकार मुख्यतः चार.

पहिला स्प्रिंगचा. नळी मोडून स्प्रिंग दाबायची आणि चाप ओढला की ती उसळते. हा सर्वांत स्वस्त, आणि मी घेतला तो हाच. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच आतली स्प्रिंग धावते आणि सारे पिस्तूल हादरते. त्यातून स्वस्त पिस्तुलाचा चाप जड व खरबरीत. तो ओढता ओढताच हात हलतो. अंगणात डबे पाडायला ठीक आहे, परंतु सामन्याचा नेम शिकायला नाही. जुन्या काळी न हादरणारी उत्तम स्प्रिंगची पिस्तुले होती, पण ती स्वस्तातली नव्हेत.

दुसरा एका दट्ट्याचा. दर छर्ऱ्याला एक दांडा एकदाच उघडून मिटायचा, की हवा दाबून भरली जाते. गॅस नको, टाकी नको, पंप नको. हादरा जवळजवळ नाही, आणि दर वेळी दाब सारखा. ह्यातले साधे पिस्तूल परवडते. उणीव एकच, की साठ छर्ऱ्यांना साठ वेळा दांडा मिटावा लागतो आणि बारीक हाताच्या मुलीला पहिले काही दिवस ते जड जाते. पण पाट्यावर वाटण वाटलेल्या हातांनी ह्याला भ्यावे असे काही नाही!

तिसरा कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे सोडावॉटरमधल्या वायूचा. ह्या वायूचा दाब उष्णतेबरोबर चढतो आणि थंडीत उतरतो. मे महिन्यात आपल्या अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पौषात पहाटे स्वेटर लागतो. जानेवारीत बसवलेला नेम मेमध्ये कसा टिकावा? शिवाय भरलेली नळकांडी उन्हात ठेवणे धोक्याचे. वऱ्हाडात हा प्रकार मी कोणाला सुचवणार नाही.

चौथा दाबलेल्या हवेच्या टाकीचा. आजचे सारे मोठे खेळाडू हाच वापरतात. ऑस्ट्रियाचे स्टायर, स्वित्झर्लंडचे मोरिनी, जर्मनीची वाल्थर व फाइनवेर्कबाउ, इटलीचे पार्दिनी ही त्यातली नावाजलेली नावे. वस्तू उत्तम, पण किंमत ऐकून गळ्यातल्या सोन्याकडे हात जातो. शिवाय टाकी भरायला वेगळी सोय लागते. आणि महाग म्हणजे बिनचूक असेही नाही. २०२१ साली टोकियोत ऐन सामन्यात मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुण करूनही ती बाराव्या क्रमांकावर राहिली. तीन वर्षांनी तिने पदके आणली, ती सरावाच्या जोरावर.

तेव्हा हात राखून खर्च करणाऱ्या घराने पहिले पिस्तूल एका दट्ट्याचे घ्यावे, हे माझे मत. मात्र घेताना तीन गोष्टी हातानेच पाहाव्यात. चित्र पाहून कळत नाहीत.

एक, मूठ. मुलीने ती धरली की बोटाचे पहिले पेर चापावर सरळ टेकले पाहिजे. बोट ताणावे लागले तर मूठ मोठी. लाकडी मूठ कानशीने घासून कमी करता येते, लाकडाचा लगदा लावून भरताही येते. म्हणून प्लॅस्टिकपेक्षा लाकूड बरे. डावखुऱ्या मुलीला डावी मूठ लागते. मूठ हाताला बसली पाहिजे, हात मुठीला नव्हे. बांगड्या भरताना आपण हे पाहतोच.

दोन, चाप. सामन्याच्या नियमाप्रमाणे चापाला निदान अर्ध्या किलोचा ताण असावा लागतो. तो त्याच्या जवळपास आणता येतो का आणि मऊ सुटतो का, ते पाहावे.

तीन, नेमाची खूण. टोकावरचा खुंट आणि मागची खाच स्पष्ट दिसावीत, आणि खाच वरखाली व डावीउजवीकडे सरकवता यावी. वजनही पाहावे, बहुतेक चांगली पिस्तुले किलोच्या आसपास असतात. पिस्तूल घेण्याआधी महिनाभर मुलीने पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली हात लांब करून दहा-दहा सेकंद धरावी. ह्याला पैसा लागत नाही, आणि नाद खरा की चार दिवसांचा, तेही कळते.

जुने पिस्तूल घ्यायला लाजू नये. वर चढलेले खेळाडू आपले पहिले पिस्तूल विकतातच. मात्र दट्ट्या मिटून पाच मिनिटे थांबावे आणि मग झाडावे. जोर कमी वाटला तर आतले सील गेले असे समजावे. उशीवर टेकवून दहा मीटरवरून पाच छर्रे मारावेत. ते एकमेकांना चिकटून पडले पाहिजेत. कोणी टाकीचे जुने पिस्तूल देऊ केले तर टाकीवरची तारीख वाचावी. अशा टाक्यांना कारखान्याने मुदत घातलेली असते, बहुधा दहा वर्षांची. मुदत सरलेली टाकी फुकटही महाग. मूळ पावती आणि पिस्तुलावरचा क्रमांक जुळवून घ्यावा.

आणि सारे पैसे पिस्तुलात घालू नयेत. दहा रुपये असतील तर पाच पिस्तुलाला, पाच राखून. सपाट तोंडाच्या छर्ऱ्यांचा डबा पाचशेचा येतो. दर खेपेला पंचाहत्तर छर्रे आणि आठवड्यातून तीन दिवस असा सराव धरला तर महिन्याला दोन डबे लागतात. त्यात पुठ्ठे, डोळ्यांना चष्मा आणि जाण्यायेण्याचा खर्च आहे. पिस्तूल आहे आणि छर्रे नाहीत, म्हणजे चूल आहे आणि पीठ नाही. छर्ऱ्याशिवायचा कोरा सरावही मोठा उपयोगी. मात्र त्याची सोय त्या पिस्तुलात असावी. स्प्रिंगचे पिस्तूल रिकामे झाडले तर खराब होते.

ही दृष्टी आपल्या गावाला नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि १९३६ साली त्याचे खेळाडू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. ते खेळ काठी, लेझीम आणि मल्लखांबाचे होते. त्या मंडळींनी आधी अंग कमावले. सामान साधेच होते.

घरातले नियम आईने घालावेत. पिस्तूल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात. ते भरलेले असो वा रिकामे, माणसाकडे तोंड कधी नाही, थट्टेतही नाही. बोट चापावर शेवटी. रस्त्याने नेताना बंद पेटीत. छर्रा शिशाचा असतो. तो तोंडात धरू नये आणि सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

आता माझी विनंती. आपल्या मंडळाचे सभागृह चाळीस फूट लांब आहे. दुपारी ते रिकामे असते. प्रत्येक घराने वेगळे पिस्तूल घेण्याऐवजी मंडळाने एका दट्ट्याचे दोन नग घ्यावेत, एक उजव्या आणि एक डाव्या मुठीचे. जाणत्या प्रशिक्षकाला दाखवून मागे छर्रे अडवणारी पक्की पेटी बसवावी, आणि त्यांच्या देखरेखीखाली मुलींनी वर्षभर शिकावे. ज्या मुलीचा नाद वर्षानंतरही टिकेल, तिच्याच घराने मग खर्चात पडावे. ह्यासाठी वर्गणीची वही आज दारापाशी ठेवली आहे. दसऱ्याचे ते स्प्रिंगचे पिस्तूल मी विकले. त्याचे जे थोडे आले ते पहिल्या ओळीवर लिहिले आहे.

भाचीचे काय झाले, असे आपण विचाराल. तिच्या सरांनी ट्रंकेतले पिस्तूल पाहिले, काही न बोलता आपले जुने एका दट्ट्याचे तिच्या हातात दिले आणि दहा छर्रे मारायला लावले. पुठ्ठा हातात घेऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली. पुढे तसेच एक जुने आम्ही घेतले. भावाला कापसाच्या पैशाला पुन्हा हात लावावा लागला नाही. पदक अजून नाही. गेल्या स्पर्धेत तिचे ५४१ झाले. फोनवर म्हणाली, "आत्या, दोन छर्रे पार सातात गेले. ते मी चुकवले. काहून चुकले तेही मले माहीत हाय."

पोरीच्या तोंडून हे ऐकायला मिळावे, एवढ्यासाठीच पहिले पिस्तूल नीट पाहून घ्यावे.